वाढत्या अंगाची सायकल

अण्णा, पाय टेकले.

खरं तर एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगायला निम्मं आयुष्य उशीर झालाय. मी आत्ता मांजरसुंब्याला आहे. चौकातल्या एका धाब्यावर पत्र्याच्या सावलीत बसलेय. समोर ट्रकांची रांग लागली आहे, बाजूला कढईत भजी तळताहेत, आणि पुढ्यातल्या लिंबाला माझी सायकल टेकवून ठेवली आहे, कारण हल्लीच्या या सायकलींना स्टँड नसतो. तुम्हाला हे अजिबात पटलं नसतं. जिला स्वतःला उभं राहता येत नाही ती कावून घेतली, असं तुम्ही विचारलं असतं. हे मी शाळेच्या वहीचं मधलं पान फाडून लिहितेय. मधलं पान फाडलं म्हणून आजवर मी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलंय. दिवाळीची सुट्टी आहे, पोरं इथे नाहीत, तेव्हा चालतंय.

तुम्ही टेलर होता, आणि टेलरच्या घरात कुठलीच वस्तू अंगाबरोबर येत नव्हती. माझा पहिलीतला फ्रॉक मला तिसरीत नीट बसला. दसरा झाला की घाटनांदूरच्या बाजारगल्लीत तुमच्या दुकानापुढे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गर्दी व्हायची. टोळी निघायच्या आधी लेकरांना एकेक जोड शिवून न्यायचा असायचा. आया पोरांना पुढे ढकलायच्या, तुम्ही टेप लावायचा आणि माप सांगताना त्यात आपल्या मनाने दोन बोटं वाढवायचा. पोरगं अख्खा हंगाम कारखान्यावर राहणार, तिथल्या पाचटाच्या कोपीत त्याचा सदरा उसवून वाढवून द्यायला कोण बसलंय, असं तुमचं म्हणणं. त्याउपर आणखी थोडं कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं आणि उन्हाळ्यात परत आलात की घेऊन या, मोकळं करून देतो, असं बजावायचं. ती पोरं जायची तेव्हा बाह्यांमध्ये त्यांचे हात सापडायचे नाहीत. परत यायची तेव्हा सदरा बरोबर अंगाला बसलेला असायचा, आणि तुम्ही ते दुकानातून लांबूनच बघून खूश व्हायचा. आई म्हणायची, स्वतःच्या पोरीची उंची वाढल्यावर हा माणूस कधी इतका हसला नाही. पण त्यात तुमचा दोष नव्हता. मी वाढतच नव्हते.

मी आठवीत गेले आणि हायस्कूल गावाबाहेर पडलं, म्हणून तुम्ही अंबाजोगाईहून सायकल आणलीत. काळी, चोवीस इंची, मधे दांडी, मागे भाकरीच्या तव्याइतकं दणकट कॅरियर. लेडीज सायकल का नाही आणली म्हणून आईने विचारलं, तर म्हणे दांडीची मजबूत असते. मी तिच्याशेजारी उभी राहिले तर सीट माझ्या बरगड्यांना लागत होती. आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही पोरीसाठी हाय का पोलीस पाटलासाठी?" तुम्ही सीटवरची धूळ पुसत शांतपणे सांगितलंत, "वाढत्या अंगाची घेतलीय." कापड मोठं झालं तर आत दुमडता येतं, लोखंड कुठे दुमडायचं, हे तुमच्यासारख्या मापाच्या माणसाच्या डोक्यात आलंच नाही. मला त्या दिवशी रडू आलं होतं. आज ते आठवलं की हसू येतं.

मग रोज सकाळचा तो सोहळा. मी दुकानाच्या दगडी पायरीवर उभी आहे. तुम्ही चालू मशीन थांबवता, गळ्यात टेप तसाच, बाहेर येता आणि मागून कॅरियर धरता. मी पायरीवरून दांडीपलीकडे पाय टाकते, सीटवर चढते, दोन्ही पाय लोंबकळतात, आणि खाली बघायची हिंमत होत नाही. सायकल हलत नाही, कारण तुम्ही धरलेली असते. "हां, जा," तुम्ही म्हणता. ढकलत नाही, नुसतं सोडता, आणि ते कधी सोडलंत हे मला एकदाही कळलेलं नाही. शाळेत कुंपणाच्या भिंतीला धरून कशीबशी उतरायची-चढायची. संध्याकाळी दुकानापुढे उलटा प्रकार. मला थांबता येत नव्हतं, म्हणून मी मारुतीच्या कोपऱ्यापासूनच घंटी वाजवायला लागायची, आणि तुम्ही हातातलं टाकून बाहेर यायचा आणि चालत्या सायकलचं कॅरियर पकडायचा. दुकानात बसलेली माणसं चेष्टा करायची, टेलर, चला, तुमची गाडी स्टेशनात आली. तुम्ही काजं करत असलात तर सुई तोंडात धरून यायचा. मी इतक्या वेळा आले, पण तुम्हाला उशीर झाला आणि मी पडले असं एकदाही झालं नाही.

माझी उंची वाढावी म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात आडव्या वाशाला दोरी बांधलीत आणि शाळेतून आल्यावर मला तिला लोंबकळायला लावलंत. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मी तिच्या डोक्यावर लोंबतेय, तुम्ही उंबऱ्यात उभे राहून 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणताय, असं आमचं घर. आईने शेवटी परातीत हात झटकले. "लोंबून दुधी वाढतो, पोरगी न्हाई वाढत. उतरवा तिला, भाकरीत माती पडायलीय." तरी तुम्ही दोरी सोडली नाहीत. आणि एकदाच तुम्ही माझ्यावर खरोखर चिडलात. मैत्रिणीच्या भावाने सुचवलं म्हणून मी पायडलना दोन्ही बाजूंनी लाकडाचे गुटके बांधून आणले होते. पाय मस्त पुरत होते. तुम्ही कात्री घेऊन बाहेर आलात, सुतळ्या कापल्यात आणि गुटके गटारात फेकलेत. "माप कमी करून घ्यायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "माणसानं वाढायचं." मग थोड्या वेळाने तुम्हीच मला दुकानात बोलावलंत, बॉबिनच्या डब्यात ठेवलेली लिमलेटची गोळी दिलीत, आणि मांजरसुंब्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितलीत.

तरुणपणी तुम्ही बीडला शिवणकाम शिकायला होता आणि तेव्हा कुणाच्या तरी सायकलवरून या चौकात यायचा. इथली भजी खायची आणि मग घाट उतरायचा. "पायडल मारायचं कामच न्हाई," तुम्ही सांगायचा, "सायकल आपली आपण जाते, वारा लई लागतो, सदरा पाठीवर फुगतो." तुमचे पाय टेकायला लागले की आपण दोघं दोन सायकलींवर जाऊ, असं तुम्ही मला म्हणालात. तुमचे म्हणजे माझे. आनंदात असलात की तुम्ही मला अहो-जाहो करायचा. त्या दिवसापासून माझ्यासाठी उंची म्हणजे मांजरसुंबा झालं. परीक्षा, लग्न, नोकरी, या सगळ्यांच्या आधी पाय टेकणं.

आणि मग तुम्ही थांबला नाहीत. मी अकरावीत होते. तुमच्या छातीत पाणी झालं आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुम्ही खाटेवर इतके लांब दिसत होता की तुमची पावलं पांघरुणाबाहेर आली होती. तुमच्या मापाचं पांघरूण तिथे नव्हतं. मी पायथ्याशी बसले होते. तुम्ही विचारलंत, "पाय टेकतेत का?" मी म्हणाले, अजून न्हाई. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "टेकतील. घाई न्हाई." ते आपलं शेवटचं नीट बोलणं. सायकल वर्षभर दुकानाच्या भिंतीला उभी राहिली आणि मग चुलतभावाने शेतावर नेली. यंदापर्यंत मी पुन्हा सायकलवर बसले नाही. बसता येत होतं, अण्णा, पण धरणार कोण होतं?

लग्न झालं, नोकरी लागली, बदल्या होत होत मी पुन्हा घाटनांदूरला आले. शाळा शेजारच्या गावात आहे. तुमच्या नातीला, म्हणजे माझ्या लेकीला, तुमची उंची मिळाली, माझ्या डोक्यावरून ती पंखा पुसते. यंदा तिने मला सांगितलं की आई, तू स्कूटीवरून जाऊन जाऊन फुगत चालली आहेस, सायकल घे. गावात मी साखरेचं कारण सांगितलं, कारण आपल्याकडे बाईमाणसाने पन्नाशीत सायकल घेतली तर एखादं दुखणं दाखवावंच लागतं. पण ती सायकल म्हणाली आणि माझ्या मनात आलं ते मांजरसुंबा. मला रोज शाळेत नेईल आणि सुट्टीत बॅग बांधून इथवर आणेल, अशी एकच सायकल हवी होती. दोन ठेवायला घरात जागा नाही आणि तेवढी माझी हौसही नाही.

सायकल घ्यायला बीडला जाताना एसटी याच चौकात थांबली. नात म्हणाली भजी खाऊ. मी खाली उतरलेसुद्धा नाही. तिला वाटलं माझं पित्त खवळलंय.

दुकान मोठं होतं, काचेचं. दुकानदार पोरगा नम्र होता, पण त्याने पहिल्यांदा मला काढून दाखवली ती नुसती पळायची सायकल. लाल भडक, एका हाताने उचलली जाईल इतकी हलकी, हँडल बोकडाच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर माझ्या अंगठ्याएवढे. नात तर तिच्या प्रेमातच पडली. मी म्हणाले, बाबा, आमच्या रस्त्याने ऊस जातो, पडलेल्या टिपऱ्या असतात, कडेने वेडी बाभूळ, तिचा काटा चपलेतून पायात जातो, या टायरचं काय होईल? आणि पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटली तर चाक आणि सांगाडा यांच्यात बोट जायला तरी जागा आहे का? तो म्हणाला, मॅडम, मग ही घ्या, आणि डोंगरातली काढली. टायर ट्रॅक्टरचे शोभतील असे, पुढे स्प्रिंगा. तिच्यावर जोर दिला की निम्मा जोर स्प्रिंगाच खातात, कापसाच्या गादीवर उड्या मारल्यासारखं. ती खड्ड्याला चांगली, पण इतक्या लांब जायचं तर जीव जाईल. आणि दोघींनाही कॅरियर बसत नव्हतं. मी ते तीनदा विचारलं. नात कानात पुटपुटली, आई, रोड बाइकला कॅरियर कोण लावतं, दूधवाल्याची वाटेल. मी म्हणाले, डबा कुठे ठेवू, वह्या कुठे ठेवू?

मग कोपऱ्यात एक राखाडी सायकल दिसली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. हँडल वळलेलंच, पण जरा वर घेतलेलं, म्हणजे वाकून वाकून मान मोडणार नाही. टायर मधल्या जाडीचे, मडगार्ड लावूनही चिखलाला वाट राहील असे. चढाला हलका गिअर. ब्रेक चकतीचे, ओल्यातही धरणारे. ते बघताना माझ्या डोळ्यांपुढे हा घाट होता. आणि मागच्या चाकापाशी कॅरियरसाठी भोकं पाडलेली. दुकानदार जरा संकोचून म्हणाला की ही ऑलराउंडर आहे मॅडम, पण खरं सांगायचं तर धड शर्यतीची नाही आणि धड डोंगराचीही नाही. मला तुमचं गिऱ्हाइकांना सांगणं आठवलं. सणाचं कापड निवडायला आलेल्या बाईला तुम्ही म्हणायचा, "रोजच्याला टिकंल ते घ्या, ते सणालाबी शोभतं." मी म्हणाले, हीच काढा.

त्याने विचारलं, तुमची साइज? या सायकलींना चोवीस इंची, बावीस इंची असं काही नसतं, पायाच्या आतल्या बाजूचं माप लागतं. त्याने टेप आणला आणि सलवारीवरून अंदाजपंचे धरायला लागला. टेलरच्या पोरीपुढे असा टेप धरतात का? मी तो त्याच्या हातातून घेतला, भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिले आणि नातीला खालचं टोक टाचेशी धरायला लावलं. जे माप आलं तेच सांगितलं. दोन बोटं वाढवायचा मोह झाला, अण्णा, हात तसा सरकलासुद्धा. पण मी वाढवली नाहीत. आता मी वाढणार नाही, हे टेपवर दिसत होतं, आणि ते मला त्या काचेच्या दुकानात पहिल्यांदा शांतपणे मान्य झालं. सगळ्यांत लहान साइज निघाली.

तो म्हणाला, मागच्या गल्लीत चालवून बघा. मी सायकल घेऊन उभी राहिले आणि इकडे तिकडे पायरी शोधायला लागले. एखादा दगड, ओटा, काहीतरी. दुकानदाराला कळेना मॅडम काय शोधताहेत. तो म्हणाला, "मॅडम, पाय टाका की पलीकडे. खाली जमीन आहे." मी पाय टाकला. दांडी माझ्या दोन्ही पायांच्या मधे होती, वर चार बोटं जागा उरली होती, आणि माझी दोन्ही पावलं, टाचांसकट, रस्त्यावर होती. मी तिथेच रडायला लागले. त्या पोराला वाटलं कुठे लागलं, तो पाणी घेऊन धावत आला. नातीला मी घरी येईपर्यंत काही सांगितलं नाही. एवढंच सोपं होतं का, अण्णा? माणूस वाढवायच्या ऐवजी सायकल लहान घेतली असती तर आपण दोघं याच चौकात भजी खाऊन घाट उतरलो असतो. राग नाही आला मला. तुम्ही नाहीत याचं जे एरवी वर्षातून एक-दोनदा वाटतं ते त्या गल्लीत एकदम सगळं वाटलं.

पावसाळाभर शाळेत तिच्यावरूनच गेले. पोरं पहिल्या आठवड्यात हसली, नंतर हवा भरून द्यायला भांडायला लागली. काल पहाटे घाटनांदूरहून निघाले, रात्री केजला मावसबहिणीकडे मुक्काम केला, तिने पायांना तेल लावून दिलं आणि वेडी आहेस म्हणाली. आज नेकनूर मागे टाकून इथवर आले. रस्ताभर ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या, ट्रकवर भांडी, शेळ्या, गोधड्या, त्यांच्यावर लेकरं. एका चढावर मी हलक्या गिअरात रांगत होते आणि एक ट्रॅक्टर माझ्या बाजूने तसाच रांगत होता. ट्रॉलीतली एक बारकी पोर माझ्याकडे बघत होती. अंगात नवा तयार झगा, बाजारातला, पण बाह्या दोनदा दुमडलेल्या. अजून वाढत्या अंगाचंच घेतात. मला तुम्हाला ते दाखवावंसं इतकं वाटलं की मी मान वळवून शेजारी बघितलं. शेजारी नुसता रस्ता होता.

भजी खाल्ली. तुम्ही सांगायचा तितकी भारी नाहीत, किंवा तुम्ही पुढ्यात बसून खाल्ली असती तर असती. धाबेवाल्याने विचारलं, ताई, एकट्याच? मी हो म्हणाले. आता बीडकडे उतरायचं आहे. सदरा फुगतो का ते बघायचं आहे.

हे पान कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. घडी करून कॅरियरच्या चापात अडकवते. कॅरियर रिकामंच आहे, अण्णा. नातीला आणि दुकानदाराला मी डबा आणि वह्या सांगितल्या, पण डबा पाठीवरच्या सॅकमध्ये असतो, वह्या मी शाळेतच तपासते, आणि या प्रवासाची बॅग हँडलला बांधली आहे. घाटनांदूरपासून इथपर्यंत त्याच्यावर काहीही ठेवलेलं नाही. रोज सकाळी मी पाय पलीकडे टाकते, दोन्ही पावलं जमिनीवर पक्की असतात, आणि तरीही लगेच निघत नाही. मागे न बघता थोडी थांबते. मग 'हां, जा' असं मीच म्हणते आणि पाय उचलते.